तांब्याचा हिरवा दगड फॉरवर्ड करणाऱ्या कॅनडातल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार.

हे एकेकट्याला सांगून झालंय, उपयोग झाला नाही, म्हणून आता सगळ्यांनाच लिहितेय. मागच्या दोन महिन्यांत तोच फोटो मला अकरा वेगवेगळ्या लोकांकडून आला, त्यातले दोघं तर माझे सख्खे नातेवाईक. तुम्हीही बघितलाच असेल. हातमोजा घातलेल्या हातात हिरवागार दगड, मागे ओसाड माळ, लांबवर हेलिकॉप्टर, आणि खाली आपल्यातल्याच कुणीतरी मराठीत लिहिलंय की कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुतमध्ये तांब्याचा डोंगर सापडला, शेअर अजून चहाच्या किमतीत मिळतोय, नंतर म्हणू नका सांगितलं नाही.

मी जिऑलॉजिस्ट. शिकले पुण्यात, इथं आल्यावर दोन उन्हाळे त्याच भागात, कॉपरमाइन नदीकाठी, तंबूत राहून ड्रिल कोअर लॉग केलाय, म्हणजे जमिनीत खोल भोक (होल) पाडून काढलेले दगडाचे दांडे तपासून नोंदवलेत. कुठल्या कंपनीत ते सांगत नाही आणि विचारूही नका.

मागच्या आठवड्यात एका मुलाचा फोन आला, मूळचा नागपूरचा, इथं कॉलेजला आहे. "ताई तुम्ही तिकडे काम केलंय ना, तिथं खरंच तांबं आहे का?" मी भाजी फोडणीला टाकत होते, म्हटलं हो आहे की, भरपूर आहे, हातानं उचलून घेतलंय मी. तो थँक्यू ताई म्हणाला आणि फोन ठेवला. दोन दिवसांनी कळलं की पठ्ठ्यानं पुढच्या टर्मची फी त्या शेअरमध्ये घातली. माझ्या "हो"वर. आता माझं उत्तर खोटं होतं का? नाही. तिथं तांबं आहेच. पण तो प्रश्नच अर्धा होता, आणि उरलेला अर्धा मी फोडणीच्या नादात त्याला विचारलाच नाही. तेवढ्यासाठी हे पत्र.

तर आधी तांब्याबद्दल, कारण ते खरंच भारी आहे. कॉपरमाइन नदी कॅनडाच्या उत्तर किनाऱ्यावर समुद्राला मिळते, आर्क्टिक सर्कलच्याही वर, आणि मुखाशी कुगलुक्टुक नावाचं साधारण १४०० वस्तीचं गाव आहे. गावाचं नाव आधी कॉपरमाइनच होतं, १९९६ला बदललं. त्या नदीच्या आजूबाजूला जो काळा कातळ आहे तो बघून मला पहिल्या दिवशी खंडाळ्याचा घाट आठवला, अगदी शप्पथ. आपल्या सह्याद्रीसारखाच लाव्हा, थरावर थर, पायऱ्या-पायऱ्यांचे डोंगर. फरक एवढाच की आपला दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि हा सव्वाशे कोटी वर्षांच्याही आधीचा. लाव्हा थिजताना त्यात गॅसचे बुडबुडे अडकतात, त्या पोकळ्या नंतर भरतात. आपल्याकडे जळगाव, नाशिक, पुण्याच्या खाणींत त्या पोकळ्यांमध्ये झिओलाइट, अपोफिलाइट अशा खनिजांचे पांढरे, पिस्त्याच्या रंगाचे स्फटिक मिळतात, जगभरचे कलेक्टर त्यासाठी जीव टाकतात. तिथं त्या पोकळ्यांत आणि भेगांमध्ये कधीकधी सरळ तांबं असतं. म्हणजे खनिज वगैरे नाही, धातूच. वायरीत असतं ते.

आणि भेगा मोठ्या असतील, म्हणजे जिथं अख्खा कातळ फाटून सरकलाय अशा, तर तिथं क्वार्ट्झ आणि कॅल्साइटबरोबर चाल्कोसाइट, बोर्नाइट ही तांब्याची खनिजं भरलेली. चाल्कोसाइट दिसायला अगदीच गरीब, काजळीसारखं करडं-काळं, पण वजनानं जवळपास ८० टक्के तांबं तेच. फोटोत जे हिरवं दिसतं ते मॅलाकाइट. ते काय आहे सांगू? तांब्याचा बंब माळ्यावर टाकून दिला आणि चार पावसाळे बघितलेच नाही तर त्यावर जो हिरवट थर चढतो ना, तेच. हवापाण्यानं तांब्यावर आलेली बुरशीच म्हणा. चिमूटभर तांबं असलं तरी अख्खा दगड हिरवा करून टाकतं. आमच्या कॅम्पवर फोटो काढायला मार्केटिंगचा मुलगा आला होता, त्याला मी चाल्कोसाइटचा चांगला जड तुकडा दिला तर म्हणाला हा फार काळा आहे, हिरवा नाहीये का. दिला मग हिरवा.

आता इतिहास, आणि इथं जरा थांबणार आहे मी, कारण तुमच्या फॉरवर्डमध्ये "नवीन शोध" असं लिहिलंय ते वाचून मला आधी हसू आलं आणि मग राग आला. त्या तांब्याचा शोध लावायला लोक तीनशे वर्षं जातायत! १७१९ला जेम्स नाइट म्हणून हडसन बे कंपनी या ब्रिटिश फर व्यापारी कंपनीचा म्हातारा अधिकारी दोन जहाजं घेऊन तांबं आणि सोनं शोधायला निघाला. एकही माणूस परत आला नाही. जहाजांचे सांगाडे नंतर हडसन बेमधल्या मार्बल आयलंडला सापडले. मग हडसन बेच्या काठावर चर्चिलला त्याच कंपनीचा किल्ला होता, तिथं डेने लोक (त्या भागातले मूळ रहिवासी) तांब्याचे तुकडे आणि एक नकाशा घेऊन आले, तिथला गव्हर्नर मोझेस नॉर्टन, त्याच्या डोळ्यांसमोर लगेच खाण. त्यानं सॅम्युएल हर्न नावाच्या पोरसवदा माणसाला पाठवलं. दोनदा निघाला, दोनदा हात हलवत परत आला. तिसऱ्यांदा डिसेंबर १७७०ला मातोनाबी नावाच्या डेने म्होरक्याबरोबर निघाला, आणि खरं सांगायचं तर तो मातोनाबीच त्याला घेऊन गेला, हर्न नुसता मागे मागे चालत होता. जुलै १७७१ला पोचले. नदीच्या मुखाच्या जरा वर एक धबधबा आहे, तिथं हर्नबरोबरच्या डेने लोकांनी झोपलेल्या इनुइट (ज्यांना आपण एस्किमो म्हणायचो) लोकांवर हल्ला करून वीसेक जण मारले, बायका-पोरं सगळी. त्या जागेला आजही इंग्रजीत रक्ताचा धबधबा म्हणतात. मी तिथं गेलेय, पाणी छान आहे, मासे मिळतात, आणि फार वेळ थांबवत नाही.

एवढं सगळं करून हर्न "खाणी"वर पोचला तेव्हा काय होतं तिथं? दगडगोट्यांचा पसारा. चार-एक तास सगळ्यांनी मिळून शोधलं आणि नाव घेण्यासारखा एकच गोळा सापडला, चार पौंडाच्या वर, म्हणजे धरा दोन किलो. तो गोळा पुढे लंडनला गेला, हर्न पायी पायी जून १७७२ला चर्चिलला परत. जवळपास १९ महिने, दोन किलो तांबं. आणि वर गडी मुखाचा अक्षांशही चार अंशांनी चुकला, म्हणजे चारशे-साडेचारशे किलोमीटर जास्त उत्तरेला लिहून मोकळा. मंडळी, हा त्या भागाचा पहिला एक्स्प्लोरेशन रिपोर्ट!

त्यानंतर १८२१ला जॉन फ्रँकलिन हा ब्रिटिश नौदलाचा अधिकारी तिथून गेला, त्याच्या लोकांनीही तांबं शोधलं, थोडंफार मिळालं, आणि परतीच्या वाटेवर बूट उकडून खायची वेळ आली, अर्धीअधिक माणसं मेली. मग १९६७च्या सुमाराला क्लेम मारायची, म्हणजे जमिनीच्या तुकड्यावर खनिजाचा हक्क नोंदवायची, अशी झुंबड उडाली की हजारोंनी क्लेम नोंदवले गेले, विमानं भरभरून माणसं, टोरोंटो-व्हँकुव्हरच्या बाजारात शेअर उड्या मारतायत, आजच्यासारखंच सगळं, फक्त व्हॉट्सॲप नव्हतं. त्या गडबडीत एक साठा खरंच चांगला सापडला. तेव्हाचा अंदाज साधारण ४० लाख टन खनिज, त्यात ३ टक्क्यांच्या जवळपास तांबं. ऐकायला मोठं वाटतं ना? हिशेब करा. ४० लाखांचे ३ टक्के म्हणजे १ लाख २० हजार टन. जगातल्या खाणी मिळून वर्षाला २ कोटी २० लाख टनांच्या वर तांबं काढतात, म्हणजे दिवसाला साठेक हजार टन. अख्खा साठा जगाला दोन दिवस पुरला असता. खाण झाली नाही. लोक निघून गेले. आम्ही ड्रिलच्या जागा बघत फिरायचो तेव्हा गंजलेले डिझेलचे ड्रम दिसायचे, कुणाचे ते कुणाला माहीत नाही.

मग तिथलं तांबं आजवर खऱ्या अर्थानं वापरलं कुणी? तिथल्याच लोकांनी. इनुइन्नाइत, ज्यांना बाहेरचे लोक कॉपर इनुइट म्हणायचे, ते नदीकाठी सुटे पडलेले तांब्याचे पत्रे उचलायचे, ठोकून ठोकून सुऱ्या, बाणांची टोकं, भाल्यांची टोकं करायचे. बायकांची अर्धगोल सुरी असते, उलु म्हणतात, ती पण. भट्टी नाही, वितळवणं नाही, फक्त ठोकणं. एरवी ठोकलं की तांबं कडक होतं, तडकतं, परत तापवलं की नरम होतं. आमच्या कसब्यातल्या तांबट आळीत लहानपणी मी हे तासन्‌तास बघितलंय, तापवायचं, विझवायचं, ठोकायचं, मठारकामाचे ते एकसारखे ठिपके, आणि तो आवाज, दुपारी आजीला झोप लागायची नाही म्हणून आजी शिव्या द्यायची. नदीच्या दक्षिणेकडच्या डेने लोकांकडेही तांब्याच्या सुऱ्या होत्या, त्यावरूनच यलोनाइफ (पिवळी सुरी) या शहराचं नाव पडलं. आपल्यातले अर्धे लोक समजतात ते सोन्यावरून आहे. सोनं खूप नंतर सापडलं हो तिथं.

डेने लोकांची एक गोष्ट आहे, हर्ननेही लिहून ठेवलीय. त्या तांब्याची जागा पहिल्यांदा एका बाईनं दाखवली. ती दरवर्षी लोकांना घेऊन जायची, पण मग बरोबरच्या पुरुषांनी तिच्यावर जबरदस्ती केली. ती तिथंच तांब्यावर बसली, म्हणाली आता मी उठणार नाही. पुढच्या वर्षी लोक आले तेव्हा ती कमरेपर्यंत जमिनीत गेलेली आणि तांबं कमी झालेलं.  मग ती दिसेनाशीच झाली आणि चांगलं चांगलं तांबं बरोबर घेऊन गेली, वर राहिले ते तुकडे. आपल्या सीतामाईसारखंच, फक्त ही जाताना हिशेब चुकता करून गेली. जिऑलॉजीच्या दृष्टीनंही फार काही चूक नाहीये बरं का त्यात, वरचं सुटं तांबं लोकांनी वेचलं, बाकीचं आहे ते खाली, कातळात.

आता मुद्द्याचं. कंपनीच्या बातमीत येतं की अमुक होलमध्ये इतके मीटर इतके टक्के तांबं लागलं. आकडा खोटा नसतो, खोटा आकडा दिला तर पकडतात. १९९७ला उघडकीला आलं की कॅलगरीच्या ब्रे-एक्स कंपनीच्या इंडोनेशियातल्या नमुन्यांत सोनं मिसळलेलं होतं, लोक धुऊन निघाले, त्यानंतर कॅनडात नियम कडक झाले. पण खरा आकडासुद्धा फसवू शकतो. तिकडच्या तांब्याच्या शिरा बऱ्याचदा उभ्या असतात, भिंतीसारख्या. नऊवारीचा काठ चार बोटं रुंद असतो ना, पण तुम्ही काठाकाठानं मोजत गेलात तर नऊ वार भरतो. होल शिरेला आडवं मारलंय का शिरेच्या कडेकडेनं खाली सोडलंय हे बघायला लागतं. बातमीत कुठेतरी बारीक अक्षरात असतंच, की खरी रुंदी अजून कळलेली नाही. ती ओळ कुणी फॉरवर्ड करत नाही. तसंच "दृश्य अंदाज" असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ माझ्यासारख्या कुणीतरी डोळ्यांनी बघून टक्केवारी टाकलीय, लॅबचा रिपोर्ट यायचाय. मी स्वतः रात्री अकरा वाजता (रात्र म्हणायची पद्धत, सूर्य मावळतच नाही), चेहऱ्याला जाळी, जाळीवर शेकडो डास, कोअर ओला करून लेन्समधून बघत अशा टक्केवाऱ्या टाकल्यात. बऱ्यापैकी बरोबर यायच्या. बऱ्यापैकी.

आणि जुन्या काळचा अंदाज म्हणून जो टनांचा आकडा देतात तो आजच्या नियमानं मोजलेला नसतो, तो नुसता जुना कागद. तांब्याची नोंद, मग साठा, मग नफ्यात काढता येईल असा साठा, मग खाण, या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीपासून चौथीपर्यंत जाताना बहुतेक जण वाटेतच राहतात.

का राहतात? रस्ता. बाकी सगळी कारणं नंतरची. नुनावुत महाराष्ट्राच्या जवळपास सातपट आहे आणि लोक किती, २०२१च्या जनगणनेत ३७ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे. तिथलं एकही गाव उरलेल्या कॅनडाला रस्त्यानं जोडलेलं नाही. वीज डिझेलवर. समुद्र वर्षातून दोन-तीन महिने मोकळा, तेवढ्यात बार्ज येणार, एरवी यलोनाइफवरून विमान. आमच्या कॅम्पला एक दूधपावडरचा डबा पोचेपर्यंत त्याची किंमत किती व्हायची ते सांगितलं तर तुम्ही काळा चहा प्यायला लागाल. त्याच भागात आइझॉक लेकला जस्त आणि तांब्याचा साठा आहे, जस्त १० टक्क्यांच्या वर, जगात गाजलेला, सत्तरच्या दशकात सापडलेला. अजून तसाच पडून आहे, कारण समुद्रापर्यंत रस्ता नाही. किनाऱ्यावरच्या ग्रेज बे पर्यंत सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा रस्ता आणि बंदर करायचं असं कितीतरी वर्षं चाललंय. याउलट आपलं मलाजखंड घ्या, गोंदियाच्या पलीकडे बालाघाटला, तिथल्या खनिजात तांबं टक्का-सव्वा टक्का, १९८२पासून खाण चालू. कारण तिथं ट्रक जातो. तीन टक्के टुंड्रात आणि एक टक्का हमरस्त्यालगत असेल तर मी डोळे मिटून एक टक्का घेईन.

रस्ता झालाच पाहिजे असं म्हणणारे गावातही आहेत आणि नको म्हणणारेही आहेत, त्यांच्यात मी बोलणारी कोण. १९९३च्या करारानं इनुइट लोकांना साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमिनीची मालकी मिळाली, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा जास्त, त्यातल्या दहाव्या हिश्श्यावर जमिनीखालच्या खनिजाचीही. त्यांच्याशी करार केल्याशिवाय तिथं मोठी खाण होत नाही, आणि होऊही नये. माझ्याबरोबर कोअरचे बॉक्स उचलायला गावातला एक मुलगा होता, त्याला नोकरी हवी होती, त्याच्या आजोबांना कॅरिबू (तिकडची रानटी रेनडिअर हरणं) हवे होते. बाथर्स्ट नावाचा कॅरिबूंचा कळप ऐंशीच्या दशकात साडेचार लाखांच्या वर होता, आता काही हजारांवर आलाय. आजोबा मला म्हणाले की कंपन्या येतात, जातात, मी चौथी-पाचवी बघतोय. मग मला चहा दिला.

माझंही सांगते, नाहीतर म्हणाल ही शहाणपणा शिकवतेय. २०११ला तांबं तेजीत होतं तेव्हा मीच एका छोट्या कंपनीचे शेअर घेतले होते, जिऑलॉजिस्ट असून, रिपोर्ट वाचून. तिचा दगड खरा होता, होल खरे होते. कंपनीनं दर सहा महिन्यांनी पैसे उभे करायला नवे शेअर काढले, माझा वाटा पातळ होत गेला, ताकात पाणी घालतात तसा, शेवटी नुसतं पाणीच. नवऱ्याला अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही, आज वाचेल तर वाचेल.

तेव्हा विनंती एवढीच की तो फोटो पुढे ढकलायच्या आधी बातमीचं दुसरं पान उघडा, होल कुठल्या दिशेनं मारलंय आणि खरी रुंदी लिहिलीय का ते बघा, कंपनीनं मागच्या दोन वर्षांत नवे शेअर किती काढले ते बघा, आणि ते तांबं समुद्रापर्यंत जाणार कसं ते कुणी लिहिलंय का शोधा. हे सगळं बघूनही घ्यायचेत तर घ्या, बुडाले तरी झोप लागेल एवढेच घ्या. पोरांची फी, आईबाबांच्या तिकिटाचे पैसे, घराचं डाउन पेमेंट यातलं नको. आणि ज्यानं पहिल्यांदा ते मराठीत लिहिलं त्यानं स्वतः कधी घेतले, कितीला घेतले, एवढं सांगून टाकावं.

नागपूरच्या त्या मुलाशी काल बोलले. अर्धे विकलेत, थोड्या तोट्यात. अर्धे ठेवतो म्हणतोय, ताई वर जाईल. कॉलेजकडे फीचे हप्ते पाडून मागितलेत. गणपतीला तो आमच्याकडे आरतीला येणार आहे, तुमच्यापैकीही बरेच जण येताच, माझ्याकडे कुगलुक्टुकच्या नदीकाठचा एक तुकडा आहे, काळ्या दगडात बोटभर लांबीची तांब्याची शीर, लेन्स पण ठेवेन शेजारी. हातात घेऊन बघा. हिरवा अजिबात नाहीये.

तुमची,
तांबट आळीच्या मागच्या बोळातली एक